बळीरामभाऊंचे तीन फवारे

आमचे केनवडचे शेजारी बळीरामभाऊ स्वतःवर दिवसातून तीन फवारे मारायचे. फवारा हा त्यांचाच शब्द. सकाळी प्रोटीनची पावडर, दुपारी मूठभर गोळ्या, संध्याकाळी किडनी ‘धुऊन काढणारा’ हिरवट काढा.

“सर, सोयाबीनले टॉनिक मारलं का शेंगा भरतात. मंग मानसाले काहून नाही?”

“सोयाबीनला किडनी नसते,” मी म्हणालो.

“म्हनूनच तिचं दोन फवाऱ्यात भागते.”

हे ज्ञान त्यांना रिसोडच्या एका मंगल कार्यालयात मिळालं. ऐन मे महिन्यात कोट-टाय घालून एक इसम तिथे घाम पुसत आरोग्य शिकवत होता. हाच इसम पूर्वी तळहातावर नारळ ठेवून बोअरची जागा दाखवायचा. तेव्हा त्याला जमिनीत नसलेलं पाणी दिसायचं, आता शरीरात नसलेलं विष दिसतं. टाळ्या वाजवणाऱ्यांत पदवीधरही होते.

पण माझा खरा राग बळीरामभाऊंवर होता. साखरेच्या आजाराने शांतावहिनींच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. वाशिमला डायलिसिस चालू, पाणीसुद्धा मोजून प्यायचं. आणि हा गृहस्थ त्यांच्यासमोर बसून ग्लास रिचवणार.

“बायको मशीनवर आणि तुम्ही पहिलवान व्हायला निघालात?” एकदा मी सुनावलं.

“तुमाले नाई समजत, सर.”

“पिऊ द्या त्याइले,” वहिनी आतून म्हणाल्या. “तेवढा वेळ तरी तोंड बंद राह्यते.”

मागच्या आठवड्यात ते मला अकोल्याला घेऊन गेले. “डॉक्टर इंग्रजी बोलते, तुमी चाला.” डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून काय काय घेता, असं विचारलं. भाऊंनी अभिमानाने पिशवीतले डबे टेबलावर मांडले.

“हे आजपासून बंद,” डॉक्टर म्हणाले, तेही मराठीत. “यानेच तुमच्या किडन्यांना मार बसलाय. बंद केलंत तर सुधारतील बहुधा. पण बायकोला किडनी द्यायचं आता विसरा.”

मी भाऊंकडे पाहिलं. ते डबे परत पिशवीत भरत होते.

“साठ वर्साची किडनी तिले तशीच कशी द्याची, साहेब? म्हटलं, आधी टॉनिक मारून भरून घ्यावी.”

परतीच्या एसटीत मी त्या टायवाल्याचा यथेच्छ उद्धार केला. पोलिसांत देऊ, भर बाजारात उभा करू, असं बरंच काही. गाव जवळ आल्यावर भाऊ म्हणाले, “तिनं आस लावून ठेवली हाय. माह्या हातून किडनी नासली म्हनून सांगू नका. सांगा, रक्त जुळलं नाई.”

वहिनी दारातच उभ्या होत्या. भाऊंनी शिकवलेलं वाक्य मी म्हटलं.

“एवढंच ना?” त्यांनी पदराने तोंड पुसलं. “मले तर भेव होतं, याइच्यातच काही खराबी निघते का काय.”

बळीरामभाऊ भिंतीकडे तोंड करून चपला काढत होते. बराच वेळ काढत होते.