चौथा संदर्भ

अश्विनीच्या एम.ए.च्या प्रबंधात एकशे वीस पानं होती आणि तिच्या गाईडनी, गुरुदास सरांनी, त्यातल्या एकाच वाक्याखाली लाल रेघ मारली होती. लाटंबार्शाच्या देवकीकाकींच्या अंगणात रांगोळी काढून बायकांचं मन थाऱ्यावर येतं, असं ते वाक्य. समासात लिहिलं होतं, "संदर्भ?"

"सर, मी स्वतः पाहिलंय."

"कलेनं मन बरं होतं, हे मान्य. पण पद्धत मूळ कुणाची? नाव, सही, पृष्ठ क्रमांक."

बिनसंदर्भाचं वाक्य सरांच्या टेबलावरून पुढे जात नसे. शुक्रवारी पाचपर्यंत प्रबंध जमा झाला नाही तर वर्ष वाया, आणि आज गुरुवार. अश्विनीनं स्कूटर काढली.

देवकीकाकींनी पेन हातात घेतलं आणि परत दिलं. "मी सही करतंय, पण ह्यां माजां न्हय गो. शिरगावच्या सुशीलान शिकयलां माका. तिची सही आधी घे."

शिरगावात सुशीलाताईंनी पेज प्यायल्याशिवाय बोलूच दिलं नाही. मग म्हणाल्या, "खाण बंद पडली आनी माजो घोव दोन म्हयने बोललोच नाय. खाणीवर टिपर ट्रक चालवणारो माणूस. मी तेच्या हातात रांगोळी दिलंय. तुळशीपुढे रोज टिपर काढी, नंबरासकट. पण बोलूक लागलो."

"म्हणजे पद्धत तुमचीच!"

"माजी खंयची? इब्रामपूरच्या विनोदिनीवैनीन सांगलां. तिची सही आधी."

कुठल्याही पुस्तकात नसलेलं शहाणपण, आणि ते आपल्या नावावर घ्यायला कुणी तयार नाही. अश्विनीला या बायकांचं फार कौतुक वाटलं आणि रडूही आलं.

शुक्रवारी दुपारी ती इब्रामपूरला पोचली. सत्तरी ओलांडलेल्या विनोदिनीवैनी तिला थेट न्हाणीकडे घेऊन गेल्या. भिंतीवर कोळशाची चित्रं होती.

"शेजारचो बारको झिल. आवस गेली, पोर आईवेगळो झालो आनी तेची वाचाच बसली. हयसर येवन भिंत काळी करी. बापाशीन मारलो तेका. मी म्हटलंय, काढूंदे, भिंत माजी. चार म्हयन्यांनी तोंड उघडल्यान."

"काय म्हणाला?"

"'वैनी, कोळसो संपलो.'" वैनी हसल्या आणि पदरानं डोळे पुसले. "आता कॉलेजात शिकयता. गुरुदास नाव तेचां. तेची सही आधी घे."

साडेचारला कॉलेजात सरांनी तिनं केलेली संदर्भांची यादी वाचायला घेतली. चौथ्या नावापाशी लाल पेन थांबलं.

"भिंत आहे अजून?"

"आहे. वैनी तिथं रंग देऊ देत नाहीत."

सरांनी बराच वेळ चष्मा पुसला. मग त्यांच्या तोंडून कॉलेजात कधीच कुणी न ऐकलेली बोली आली. "ह्यां माजां न्हय गो. कोळसो तिना दिल्यान."

त्यांनी स्वतःचं नाव खोडलं आणि विनोदिनीवैनींचं सगळ्यांत वर नेलं.

"पण सर, सह्या?"

"गाईडची पुरते." त्यांनी सही ठोकली. पृष्ठ क्रमांकाचा रकाना मात्र रिकामा होता, आणि रिकामा रकाना सरांना कधीच चालत नसे. तिथं त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, "न्हाणीची डावी भिंत, जमिनीपासून तीन फूट."