फिरत्या लायसनचा धनलाल

धनलालचा चिवडा एका जागी उभं राहून खाल्लेला माणूस गोंदियात सापडला नसता. त्याची हातगाडी थांबतच नसे. गाडी तो पोटाने ढकलायचा आणि मोकळ्या हातांनी मुर्रा म्हणजे चुरमुरे, चणे, कांदा कालवायचा. गिऱ्हाइकाने बरोबर चालायचं, चालता चालता पुडा घ्यायचा आणि चालता चालताच संपवायचा. कुणी मागे राहिलं की तो वळून न बघता म्हणायचा, "काऊन थांबला बापा? चाल. उभा झालो का लायसन गेलं."

इंग्रजांच्या अमदानीतली गोष्ट. मी तेव्हा गावात मास्तर होतो. फेरीवाल्यांना गावची म्युनिसिपल कमेटी दोन प्रकारची लायसनं द्यायची. एका जागी गाडी लावायची तर ठिय्याचं. ते मोजक्यांच्याच नशिबी. बाकीच्यांना फिरतं. फिरत्याने रस्त्यात उभं राहायचं नाही, असा नियम होता. तो पाळणारा धनलाल एकटाच. रेल्वेचं फाटक बंद असलं तर हा गाडी पुढे-मागे, पुढे-मागे हलवत राहायचा. एकदा भर बाजारात त्याच्या चपलेचा पट्टा तुटला, तर ती तिथेच टाकून एका चपलेनिशी पुढे गेला.

मग कमेटीचे नवे दरोगा आले. त्यांनी थोड्याच दिवसांत निम्म्या बाजाराच्या गाड्या ओढून नेल्या. त्या कमेटीच्या आवारात पावसात कुजत पडल्या, आणि गाडीवाले बिड्या वळायला बसले. धनलाल तेवढा सापडेना. हे दरोगासाहेबांच्या फार मनाला लागलं. ते सायकल हातात धरून रोज त्याच्या मागे मागे चालू लागले.

आळीतले लोक दारात येऊन श्वास रोखून बघायचे. पुढे गाडी, मागे सायकल. कांदा चिरताना धनलालचं बोट कापलं, तरी तो बांधायला थांबला नाही.

"हा माणूस तुझ्या पोटावर उठला आहे, धनलाल," मी त्याच्याबरोबर चालत म्हणालो.

"उठू द्या मास्तर. मी कुठं बसून राहिलो?" तो म्हणाला. पण कांदा चिरता चिरता तो पुन्हा पुन्हा मागे वळून बघत होता.

माझे वडील तेव्हा अर्धांगाच्या झटक्यातून नुकते उठले होते. वैद्यांनी रोज चालायला सांगितलेलं, आणि ते आमच्या सांगण्याने खाट सोडत नसत. धनलाल मात्र दारावरून जाताना चाल मंद करायचा. "चला काकाजी, फाटकापावतर जाऊन येऊ." बाबा मुकाट्याने काठी उचलायचे.

अशाच एका सकाळी, बाजाराच्या उतारावर, बाबांचा पाय लटपटला. मी शाळेत निघालो होतो, जरा मागे होतो. मी धावेपर्यंत धनलालने गाडी सोडली होती. ती उतारावरून घरंगळत नालीत जाऊन आडवी झाली. मुर्रा रस्ताभर पसरला. धनलाल बाबांचं डोकं मांडीवर घेऊन धुळीत बसला होता.

दरोगासाहेब जवळ आले. "रुक गये ना?"

धनलालने वर पाहिलं. "रुकलो साहेब. गाडी न्या."

पुढच्या आठवड्यात कमेटीपुढे सुनावणी झाली. धनलालला तिथे उभं राहणं जमेना. तो या पायावरून त्या पायावर डोलत होता. अध्यक्षांनी विचारलं, का थांबलास? "थांबलो, हे खरं हाय," एवढंच तो म्हणाला. बाबांचं नाव त्याने काढलं नाही. शेवटी मी उठलो आणि घडलं ते सांगितलं. अध्यक्षांनी दरोगासाहेबांकडे पाहिलं. "मास्तर म्हणतात ते तुम्ही पाहिलंत?"

दरोगासाहेबांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. धनलालचं डोलणं थांबलं. मग ते हळूच म्हणाले, "देखा, साहब. बुजुर्ग गिरे थे."

कमेटीने गाडी सोडली. शिवाय बाजारातल्या चिंचेखाली ठिय्याचं लायसन देऊ केलं. माझा जीव भांड्यात पडला. धनलालने हात जोडले. "मले फिरतंच राहू द्या, साहेब."

बाहेर येताच मी चिडलो. "वेडा आहेस का? आयुष्यभर पाय झिजवणार? ठिय्यावर नियमाची भीती तरी उरली नसती."

तो आवारातून गाडी ओढत बाहेर काढत होता. "नियमाचं भेव नाई मास्तर. नियम बरा हाय." चाक रस्त्याला लागल्यावर त्याने पोट टेकवून गाडी ढकलली. "ठिय्यावर माणूस खाते, हात पुसते, निंगून जाते. संगं चालणारा दोन गोष्टी बोलते. बायको गेली. पोरगा कलकत्त्याले गेला, तो आलाच नाई. घरी मी कोणासंगं बोलू?"

मी त्याच्या बाजूने चालत राहिलो. फाटकाच्याही पुढे गेल्यावर ध्यानात आलं, माझं घर केव्हाच मागे पडलं होतं.