पान नंबर सांगा

जगातले सगळे ग्रंथपाल पुस्तक परत आणा म्हणून मागे लागतात. आमचे गजभारे सर पुस्तक परत घेत नाहीत.

लोहा गावातल्या आमच्या शाळेत मी मराठी शिकवतो आणि ते ग्रंथालय सांभाळतात, याला सोळा वर्षं झाली. पुस्तक घेऊन तुम्ही टेबलापाशी गेलात की ते चष्मा कपाळावर चढवतात, पुस्तक मधेच कुठंतरी उघडतात आणि एक प्रश्न विचारतात. उत्तर आलं तर पुस्तक जमा. नाही आलं तर कार्डावर पुढच्या आठ दिवसांची तारीख टाकून तेच पुस्तक पुन्हा तुमच्या हातात. "फिरवून आणलंत, वाचलं न्हाई," एवढंच म्हणतात. माझ्याकडं मधमाशीपालनाचं एक पुस्तक चार वर्षांपासून आहे. नेलं होतं नुसतं चाळायला.

मागच्या मुख्याध्यापकांची संस्थेच्या किनवटच्या शाळेत बदली झाली तेव्हा त्यांना ग्रंथालयाची बेबाकी हवी होती, म्हणजे यांच्याकडं आमचं काही राहिलं नाही असा दाखला. त्यांच्याकडं प्राणायामाचं पुस्तक होतं. गजभारे सरांनी विचारलं, श्वास रोखून धरल्यावर पुढं काय करायचं? साहेबांना सांगता येईना. बाहेर सामान भरलेला टेम्पो हॉर्न वाजवतोय आणि आत मुख्याध्यापक बाकावर बसून श्वास सोडायचा धडा वाचतायत, हे दृश्य आम्ही सगळ्यांनी खिडकीतून डोळे भरून पाहिलं.

स्टाफरूममध्ये कोणी काही छातीठोकपणे बोललं की कोपऱ्यातून सरांचा आवाज येतो, "पान नंबर सांगा." मोसंबीनं सर्दी होते म्हटलं तरी पान नंबर. एकदा त्यांच्या पुतणीसाठी स्थळ घेऊन नात्यातले एक गृहस्थ शाळेत आले आणि मुलगा अगदी निर्व्यसनी आहे म्हणाले. सरांनी त्यांनाही पान नंबर विचारला. ते स्थळ पुढं सरकलं नाही.

आणखी एक खोड म्हणजे, जमा झालेलं पुस्तक ते आधी नाकाला लावतात. शाईचा डाग पडला असेल तर पोरांना अर्धा तास बोलणी बसतात आणि नवं कव्हर घालून आणावं लागतं. पण हळदीचा नाहीतर तेलाचा डाग दिसला, फोडणीचा वास आला, की सरांचा चेहरा उजळतो. "घरी कोणी वाचलं? मायनं?" पोरगं हो म्हणालं की त्या दिवशी त्याला प्रश्नसुद्धा माफ. आम्ही याला विक्षिप्तपणाच्या खात्यात टाकून मोकळे झालो होतो.

मागच्या हिवाळ्यात शाळेत एकाच आठवड्यात दोन अर्ज आले. दोन्ही एका कादंबरीबद्दल, ती ग्रंथालयातून काढा म्हणून. कादंबरी जुनी आहे, एका गावाची, त्या गावातल्या विहिरीची आणि तिथं पाणी भरू न दिलेल्या एका बाईची. तिचं नाव मी इथं सांगत नाही, नाहीतर तिसरा अर्ज यायचा. विद्यापीठात तिला अभिजात म्हणतात आणि शाळेत आक्षेपार्ह. आमच्याकडं तिची एकच प्रत.

पहिला अर्ज माणिकरावांचा. त्यांची साठ एकर जमीन आणि दोन नातू आमच्या शाळेत. कादंबरीत जमीनवाल्यांना राक्षस दाखवलंय, पोरांची मनं कलुषित होतात, असं त्यांचं म्हणणं. दुसरा अर्ज तहसीलमधल्या भद्रे साहेबांचा. त्यांची प्रज्ञा नववीत. त्या कादंबरीत त्यांच्या समाजाला जातीवरून दिलेली शिवी होती, ती वाचून पोरगी रडली होती. या दोघांचं एकाच गोष्टीवर एकमत झालेलं लोह्यानं प्रथमच पाहिलं असेल.

शाळा समितीची बैठक ग्रंथालयात बसली, दोन्ही अर्जदारांनाही बोलावलं होतं. ठराव लिहायला मी. खरं तर मी तो आदल्या दिवशीच लिहून ठेवला होता, पुस्तक बाद करण्यात येत आहे म्हणून, कारण मला चारच्या बसनं नांदेडला जायचं होतं. आणि आता कबूलच करतो, मराठीचा शिक्षक असून मी ती कादंबरी वाचलेली नव्हती. वर्गात मात्र तिच्यावर दोन तास बोलत असे.

अध्यक्षांनी ठराव वाचला. गजभारे सर उठले आणि म्हणाले, "पान नंबर सांगा."

समितीतले सातही जण टेबलावरच्या चिवड्याकडं बघायला लागले. तेवढ्यात भद्रे साहेब म्हणाले, "एकसष्ट."

सोळा वर्षांत सरांना कोणी पान नंबर सांगितलेला मी ऐकला नव्हता. त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. भद्रे साहेब त्यांच्याकडं वळले. "गजभारे सर, तुम्ही तर आपलेच. जो शब्द ऐकायला नको म्हणून माझ्या बापानं गाव सोडलं, तो माझ्या लेकीनं शाळेत वाचायचा का?"

सरांनी चष्मा सदऱ्याला पुसला. मग हळू म्हणाले, "शिवी एकसष्टवरच हाय, साहेब. तिचं उत्तर चौऱ्याण्णववर हाय. ते वाचलं का?"

वाचलं नव्हतं. पोरगी रडताना दिसली तसं त्यांनी तिच्या हातातून पुस्तक हिसकून घेतलं होतं.

"मंग पोरीजवळ नुसती शिवी राहिली," सर म्हणाले. "उत्तर पुस्तकातच राहून गेलं."

त्यानंतर त्यांनी भिंतीवरच्या नियमांच्या पाटीकडं बोट दाखवलं. पाटी त्यांच्याच हस्ताक्षरातली. बाद करायचं पुस्तक समितीनं आधी तपासावं, असा नियम होता. तपासावं म्हणजे वाचावं, हा अर्थ सरांचा. सातही जणांना आणि दोन्ही अर्जदारांना एकामागून एक, आठ आठ दिवसांसाठी. शेवटी ठराव लिहिणारा, म्हणून मी. माझी चारची बस गेली.

एकच प्रत, आणि परत घेणारे गजभारे सर. तो ठराव उन्हाळ्यापर्यंत लोंबकळला. अध्यक्षांचं मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, अडत दुकान. ते काट्याशेजारी बसून वाचायचे आणि सोयाबीनचं पोतं आलं की पान हरवायचे. तीनदा पुस्तक त्यांच्याच हातात परत आलं. शेवटी त्यांच्या बायकोनं ते दोन दुपारींत वाचून काढलं आणि नवऱ्याला गोष्ट पढवून पाठवलं. पुस्तकाला शेंगदाण्याच्या चटणीचा वास येत होता, म्हणून सरांनी चालवून घेतलं.

माणिकरावांनी तीन आठवडे ठेवलं. परत द्यायला आले तेव्हा सरांनी विचारलं, विहिरीवर त्या बाईची घागर कोणी फोडली? माणिकरावांनी छताच्या पंख्याकडं पाहिलं. "नाव ध्यानात न्हाई. आमच्यासारखाच होता कोणीतरी." सरांनी पुस्तक जमा केलं. जाता जाता माणिकराव दारातून म्हणाले, सगळेच तसे नव्हते. सरांनी सवयीनं पान नंबर विचारला. ते तुमच्या पुस्तकात न्हाई, असं माणिकरावांनी ऐकवल्यावर सर म्हणाले, "मंग तुम्ही लिहा. मी कपाटात जागा ठेवतो."

भद्रे साहेब लेकीला घेऊन आले. उत्तर प्रज्ञानंच दिलं. चौऱ्याण्णव पानावर ती बाई अख्ख्या गावासमोर उभी राहते आणि आपलं नाव सांगते, आजपासून मला याच नावानं हाक मारायची म्हणते. पोरगी ते सांगताना ताठ उभी होती. भद्रे साहेबांनी आपला अर्ज परत मागितला. राग गेला नाही म्हणाले, पण पुस्तक राहू द्या.

मे महिन्यात पुस्तक माझ्याकडं आलं. महिनाअखेरीस सर निवृत्त होणार होते. मी ते दोन दिवसांत वाचलं. आमचंही घर जमिनीचं, आमच्याही शेतात विहीर आहे आणि तिच्यावर कोण कुठून पाणी घ्यायचं हे मी लहानपणी पाहिलंय. वाचताना मला लाज वाटली. इतकी वर्षं या कादंबरीवर तोंड वर करून बोललो, त्याची तर फारच.

शेवटच्या पानावर चिकटवलेल्या पाकिटात नव्या कार्डामागं एक जुनं, भरलेलं कार्ड निघालं. त्यावर एकच नाव ओळीनं एकोणीस वेळा होतं. सोनाबाई गजभारे. पुस्तकं फक्त विद्यार्थी व कर्मचारी यांनाच मिळतील, हा पाटीवरचा पहिला नियम. शेवटच्या ओळीत नेल्याची तारीख होती, परत आल्याची जागा कोरी.

मी कार्ड घेऊन सरांकडं गेलो. ग्रंथालयात ते एकटेच होते, रिकाम्या बाकांवरची धूळ पुसत होते.

"माय," ते म्हणाले. "तिला अक्षर येत नव्हतं. शाळा सुटल्यावर मी वाचून दाखवायचो."

कर्मचारी म्हणून स्वतःच्या नावावर न्यायचं की, मी म्हणालो.

"पहिल्यांदा तसंच नेलं. चौऱ्याण्णव पान ऐकलं आन् माय म्हणली, पुस्तक मी ऐकून राहिले, मंग नाव माझं लिही." सरांनी फडक्याची घडी घातली. "परत न्यायच्या दिवशी मी तिला विचारायचो, पुढं काय होतं? साठ पानापर्यंत घडाघडा सांगायची. पुढचं ध्यानात न्हाई राहिलं, पुन्हा वाच म्हणायची. लई दिवसांनी कळलं, तिला सगळं पाठ होतं."

शेवटच्या वेळी काय झालं ते मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं. "त्या वेळी तिनं शेवटपर्यंत सगळं बरोबर सांगितलं. मला ते आवडलं न्हाई. म्हणून कपाटात ठेवलं, पण कार्डावर जमा केलं न्हाई."

माय गेल्यापासून घरी ते एकटेच असतात, हे मला माहीत होतं. पुस्तक राहू द्यावं, पण मुलाच्या हातातून ते अर्ध्यावर कोणी काढून घेऊ नये, असा नवा ठराव मी लिहून आणला होता. तो टेबलावर ठेवला आणि पुस्तकही पुढं केलं. सरांनी चष्मा कपाळावर चढवला.

"चौऱ्याण्णव पानावर ती बाई काय म्हणते?"

मला ते वाक्य तोंडपाठ होतं.

"ध्यानात नाही राहिलं, सर," मी म्हणालो. "पुन्हा वाचायला पाहिजे."

ते माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांनी कार्डावर नवी तारीख टाकली, मला समोरच्या बाकावर बसायची खूण केली, चष्मा डोळ्यांवर आणला आणि पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचायला लागले.