सिंगल बेल

आमचा गायकवाड कंडक्टर सायकलची घंटी वाजवत पुस्तक वाचतो. नवा परिच्छेद आला की एकदा, नवा धडा आला की दोनदा. पानाच्या तळाशी टीप असली तर ओरडतो, "टीप चढली!" आणि वाचून झाली की, "टीप उतरली!"

कर्जतच्या एस.टी.त तो कंडक्टर, मी ड्रायव्हर. आता दोघेही घरी बसलोय. त्याच्या कमलला जन्मापासून दिसत नाही; नगरला वसतिगृहात राहून पोरगी बी.ए. करते. तिची पुस्तकं आम्ही कॅसेटवर भरतो. 'आम्ही' म्हणजे वाचतो तो. मी टेपची बटणं दाबतो. माझ्या शिक्षणाला तेवढंच झेपतं.

घंटीची मागणी कमलचीच. "आण्णा, तुमी सलग वाचत सुटता. परीक्षा तोंडावर आली अन् मला धडाच सापडंना." टेप पुढे पळवली की शब्दांची नुसती चिवचिव होते, घंटी मात्र ओळखू येते.

घंटी आली आणि माझी पंचाईत झाली. सारी नोकरी सिंगल बेल म्हणजे थांब. पहिल्याच परिच्छेदाला घंटी वाजली, माझा पाय जमिनीवर दाबला गेला आणि बोट 'स्टॉप'वर. गायकवाडनं अख्खा धडा वाचला, चढत्या-उतरत्या टिपांसकट. मीही मान डोलावत होतो. टेप बंद असल्याचं त्याच्या बायकोनं येऊन सांगितलं.

"आरं डायवर, उभ्या गाडीत तिकिटं फाडीत हुतो व्हय मी?"

असा फटकळ. पण लेकीशी बोलायचं म्हटलं की गडी मुका. नगरला जातो, कॅसेटी हातात ठेवतो, "जेवलीस का?" एवढं विचारतो आणि मिळेल त्या गाडीनं परत.

परवा शेवटचं पुस्तक संपलं. कॅसेट थोडी उरली होती. मी बटणाकडे हात नेला.

"ऱ्हाऊ दे चालू. घरचं ऐकंल तेवढंच."

आत वहिनी भाकरी थापत होत्या. दारात शेळी ओरडत होती. जरा वेळानं तो टेपकडे वाकला.

"कमल, तू न्हाईस तर घर लई..."

त्याचे डोळे भरून आले आणि त्यानं घाईघाईनं घंटी वाजवली. एकदाच.

मला नीट ऐकू आली. पाय सवयीनं दाबलाही गेला. पण हात मी मांडीखाली धरून बसलो, कॅसेट संपून बटण आपोआप वर येईपर्यंत.