अप्पा आणि पिंगळीची चवळी

आमच्या अप्पांना निरोगी झाडाची भीती वाटते. वाळलेलं, मुरडलेलं, पिवळं पडलेलं झाड दिसलं की ते निवांत असतात. "ह्यानं आपलं दुखणं बोलून दाखवलं, इमानदार हाय," म्हणतात आणि पुढे जातात. पण हिरवंगार, शेंगांनी लगडलेलं झाड दिसलं की थबकतात. चष्मा कपाळावरच्या भस्माच्या पट्ट्यांवर चढवतात, पान उलटं करतात आणि म्हणतात, "लय बेस दिसायलंय. सबूत काय?"

परभणीत बियाणं तपासायची आमची छोटी प्रयोगशाळा आहे. अप्पा तिथले सर्वांत जुने सहायक, मी त्यांच्या समोरच्या टेबलावर. मूग, उडीद, चवळी ही शेंगांची पिकं अप्पांकडे. या पिकांच्या बियांतून काही विषाणू गुपचूप पुढच्या पिढीत जातात. झाड उगवतं, वाढतं, शेंगा धरतं; पानावर ना डाग, ना सुरकुती. पण त्यावर मावा बसतो, रस शोषतो आणि उडून शेजारच्या वावरात जातो. मग तिथली कोवळी रोपं मुरडतात आणि तो शेतकरी नशिबाला बोल लावतो. हे चोर हुडकायला अप्पांनी कुंड्यांत चाकवताच्या गोतातली रोपं वाढवली आहेत. संशयित पान खलात वाटायचं, त्याचा रस बोटानं त्या रोपाच्या पानावर हलकेच चोळायचा. आत विषाणू असला तर आठवड्याभरात ठिपके उठतात. "ठिपका म्हंजे सही," अप्पा म्हणतात.

एकदा आमच्या साहेबांनी मुलीसाठी आलेल्या स्थळाचा फोटो आणला. सगळे "छान, छान" म्हणाले. अप्पांनी फोटो उजेडात धरला, जवळ नेला, लांब नेला. "पोरगा लय बेस दिसायलाय," ते म्हणाले. "आता त्याच्या मायबापाला बघून या. रोग बियातून येतो." साहेब आठ दिवस अप्पांशी बोलले नाहीत.

तोंडावर सांगण्यात अप्पांनी कधी कुणाची भीड धरली नाही. मोठा व्यापारी असो की पुढाऱ्याचा भाचा, नमुना खराब निघाला की "बी बाद हाय" एवढंच. वर खुलासा नाही, दिलासा तर नाहीच.

म्हणूनच गयाबाईचं प्रकरण आम्हाला उलगडेना.

गयाबाई पिंगळीची. सत्तरी ओलांडलेली, दर गुरुवारी भाजीचं टोपलं घेऊन रेल्वेने परभणीला येणारी. तिच्याकडे तिच्या आईच्या हातची चवळी होती, तांबूस दाण्याची, गावरान. जुनी बियाणं गोळा करायच्या कामात अप्पा तिच्या घरी गेले आणि नमुना घेऊन आले. महिन्याभराने पुन्हा गेले आणि घरात होती नव्हती तेवढी चवळी मागून आणली. "पेरणीला परत देतो, मावशी," असा शब्द दिला. पेरणी आली तेव्हा तिला सांगितलं, की बी उंदरांनी खाल्लं.

उंदरांनी! या माणसाच्या कपाटात मुंगीसुद्धा परवानगी काढून जाते. साहेबांनी जाब विचारला. "माझी चूक हाय, लिवून घ्या," अप्पा म्हणाले. आयुष्यभर चोख काम केलेल्या माणसाला निवृत्ती जवळ आली असताना लेखी ताकीद मिळाली.

त्यानंतर दर गुरुवारी टोपलं रिकामं झालं की गयाबाई आमच्याकडे यायची. तिचा आवाज आधी, ती मागून.

"आप्पा, माझ्या मायचं बी व्हतं रं ते! उंदरं खात व्हती तवा तू काय माशा मारायलतास?"

अप्पा उभे राहायचे. "चुकलं, मावशी." मग खुर्ची पुढे करायचे. ती खुर्चीत बसून पाऊण तास शिव्या घालायची, त्यांनी मागवलेला चहा प्यायची आणि गाडीला जायची. हे दोन वर्षं चाललं.

त्याच काळात अप्पा रोज डास चावलेलं, सुजलेलं तोंड घेऊन कामावर यायला लागले. एका पावसाळ्यात तापाने घरीच पडले, म्हणून मी बघायला गेलो. अप्पा एकटेच राहतात. पांघरूण ओढून बाजेवर पडले होते, डोक्यावर डासांचा ढग. मागच्या अंगणात मात्र बांबूंना दुहेरी मच्छरदाणी बांधलेली, चारी बाजूंनी मातीत दाबलेली. आत चवळी होती.

"गयाबाईची?" मी विचारलं.

"व्हय."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. गयाबाईच्या चवळीत विषाणू निघाला होता. झाडं देखणी, पण बी रोगाचं. मात्र प्रत्येक दाण्यात रोग नसतो. म्हणून अप्पा मूठभर दाणे घरी लावून एकेक रोप तपासत होते. ठिपका उठला की रोप उपटायचं, नाही उठला त्याचं बी धरायचं, पुन्हा पेरायचं, पुन्हा तपासायचं. मावा शिरू नये म्हणून घरातल्या दोन्ही मच्छरदाण्या तिथे लागल्या होत्या.

"पण तिला खरं सांगायचं ना!" मी म्हणालो. "बी बाद म्हणायला तुम्हाला कधी जड गेलंय?"

अप्पा उठून बसले. "त्या बाईनं पोरींच्या वटीत घातलंय ते बी. चार लेकी, भाच्या, गल्लीतल्या पोरी. जिंतूर, पालम, कुठं कुठं गेलंय. तिला सांगितलं असतं, तर कुणाकुणाच्या वावरात रोग धाडला त्याची नावं घेत बसली असती मरेस्तोवर." मग पांघरूण अंगावर ओढत म्हणाले, "उंदराला शिव्या बसल्या तर उंदराचं काय जायलंय?"

पुढच्या हंगामात एकाही रोपाच्या रसाने ठिपका उठला नाही. गुरुवारी गयाबाई आली तशी अप्पांनी तिच्यापुढे पिशवी ठेवली.

"कपाटामागं एक डबी घावली, मावशी. तेच वाढवलं. पोरींना बी ह्यातलंच धाडा. जुनं समदं शिजवून खा म्हणावं, पेराया हे घ्या."

"का रं?"

"ह्याला जोम हाय."

गयाबाईने एक दाणा दाताखाली धरला. बराच वेळ चावला. "माझंच हाय," ती म्हणाली. मग अप्पांच्या चेहऱ्यावरून दोन्ही हात ओवाळून तिने स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली आणि पिशवी पदराखाली धरून उठली. पालमची एसटी गाठायची होती. चहालाही थांबली नाही.

त्याच्या पुढच्या गुरुवारी अप्पांनी अकरा वाजताच खुर्ची पुसून ठेवली. दोन चहा सांगितले. बारा वाजले, साडेबारा वाजले.

"पिंगळीची गाडी लेट हाय वाटतं," ते खिडकीकडे बघत म्हणाले.

गाडी वेळेवर येऊन गेली होती. तिचा भोंगा मी ऐकला होता, त्यांनीही ऐकला असणार. अप्पांनी आपला चहा प्यायला आणि दुसऱ्या कपावर बशी झाकून ठेवली.