चोवीस गोल आणि आमच्या दारातला खड्डा

सरकारकडून काम कसं करून घ्यावं, हे मला विचारा! आता साठी आली, जिना चढताना धाप लागते. पण ब्याण्णव साली मी साखर कारखान्याच्या ऑफिसात कारकून होतो आणि माझा अर्ज टेबलावर पडला की साहेबलोकांच्या हातातला चहा थरथरतो, असं सगळे म्हणायचे. सगळे म्हणजे मुख्यतः मीच!

चियायी शहराच्या पश्चिमेला, उसाच्या शेतांमधलं आमचं गाव. गल्लीत आमचं घर शेवटून तिसरं, आणि बरोबर दारासमोर खड्डा. साधासुधा नव्हे, चांगला वीतभर खोल! त्यात बाबांनी आयुष्यभरात तीन बैलगाड्या विटांचे तुकडे ओतले होते. सगळे गिळून तो पुन्हा आ वासून तयार!

ताईच्या साखरपुड्याला तिची होणारी सासू स्कूटरवरून आली आणि स्कूटरसकट त्या खड्ड्यात गेली. बाई उठल्या, गुडघा झटकला आणि एवढंच म्हणाल्या, "माहेरच्या मेजवानीपर्यंत हा बुजला तर मी येईन. नाहीतर मुलगा एकटा येईल."

लग्नातली मुलीच्या माहेरची मेजवानी आणि सासूच गैरहजर! गल्लीनं तीन पिढ्या चघळलं असतं. ताईनं दोन दिवस अन्नाला शिवणं सोडलं. बाबांना दुःख झालं की ते बोलत नसत, नुसते अंगण झाडत. त्या आठवड्यात आमचं अंगण आरशासारखं झालं होतं.

मी टेबलावर मूठ आपटली. "ताई, तू निवांत जेव! खड्डा माझ्याकडे लागला!"

"अरे छिंग-युआन," बाबा झाडू थांबवून म्हणाले, "तो खड्डा तुझ्यापेक्षा वयानं मोठा आहे. जरा बेतानं."

मी कसला ऐकतोय! गावच्या कार्यालयाला पत्र लिहिलं. ते म्हणाले, गल्ली जिल्ह्याची. जिल्हा म्हणाला, गल्ली गावची, पण बाजूचा पाट पाटबंधारेवाल्यांचा, त्यांना विचारा. पाटबंधारेवाले म्हणाले, पाट आमचा, पण खड्ड्यात पाणी पावसाचं आहे! मी सतरा पत्रं लिहिली. 'या खड्ड्याला जबाबदार कोण? नाव, हुद्दा आणि सहीनिशी कळवावे!' या वाक्याखाली तर मी लाल शाईनं दोन रेघा मारायचो. काय दिवस होते! तेव्हा मला खरंच वाटायचं की रेघ जोरात मारली की सरकार हलतं.

आणि हललं की हो! रस्ते विभागातल्या शिए बाईंचा कारखान्यात फोन आला. आवाज रडवेला.

"त्साय साहेब, आता पत्र नका लिहू. अठरा तारखेपर्यंत आम्ही बुजवून देतो. फक्त खड्ड्याभोवती पांढरा गोल काढून ठेवा. आमची माणसं गोल बघून काम करतात."

मेजवानी अठरालाच दुपारी! मी त्याच संध्याकाळी चुन्याचा झकास गोल काढला आणि गल्लीभर हात मागे बांधून हिंडून आलो. तीन दिवसांनी पाऊस झाला आणि गोल धुऊन गेला. ते माझ्या लक्षात आलं नाही, कारण मी घरोघर निमंत्रणं देत आणि सतरा पत्रांची गोष्ट सांगत फिरत होतो.

मेजवानी अर्थातच गल्लीत. आमच्याकडे लग्नाला हॉल घेतला तर लोक विचारायचे, शेजाऱ्यांशी भांडण झालंय का? पोलिसांकडून रस्ता अडवायचा कागद आणला. सतरा तारखेला आचारी आ-तियेन काका आले. पाऊणशे वर्षांचा माणूस, पण कामाला एकदम चोख. ऑईलपेंटचा डबा घेऊन त्यांनी गल्लीत एकेका टेबलाची जागा आखली. चोवीस टेबलं, चोवीस पांढरे गोल!

"काका, आमच्या दारासमोर जागा का सोडलीत?"

"खड्डा दिसत नाही का? टेबल डुगडुगलं की सूप सांडतं, आणि सूप सांडलं की नाव माझं जातं."

"तो आज-उद्यात बुजतोय!"

"बुजला की सांग. मग पंचविसावं मांडू."

अठराला सकाळी सहा वाजता अशी धडधड सुरू झाली की भिंतीवरचं कॅलेंडर खाली पडलं. खड्डा बुजतोय म्हणून मी खुशीत लोळत राहिलो आणि धडधड थांबल्यावर बनियनवर बाहेर धावलो. रस्तेवाल्यांचा मुकादम ह्वांग, सुपारीनं तोंड लाल झालेलं, माझा हात हातात घेऊन गदागदा हलवू लागला.

"अभिनंदन साहेब! बरोबर चोवीस उकरले! तुमच्या गल्लीत एवढे खड्डे आहेत, आम्हाला पत्ताच नव्हता!"

"अहो, हे खड्डे नव्हते! ही टेबलं होती!"

ह्वांगनं रस्ता बघितला, मग मला बघितलं. "कुठायत टेबलं?"

"आणि हा खरा खड्डा? हा का सोडलात?"

"त्याला गोल नाही."

"पण दिसतोय ना धडधडीत!"

"साहेब, दिसेल ते बुजवत बसलो तर अख्खं गाव फिरावं लागेल."

दहा वाजेपर्यंत त्यांनी चोवीस भोकांत गरम डांबर भरलं, वरून रूळ फिरवला आणि गाडी झाडूनपुसून रिकामी करून निघून गेले. खऱ्या खड्ड्यापुरतं फावडंभर डांबरही उरलं नाही. ताई लाल झग्यात खिडकीशी उभी होती. ती मला रागावलीसुद्धा नाही. नुसतं म्हणाली, "आता त्या येणार नाहीत."

मांडव उभा राहिला, टेबलं लागली. बाराच्या उकाड्यात ताजं डांबर मऊ पडलं. खेकडा घातलेला चिकट भात वाढेपर्यंत प्रत्येक टेबल दोन बोटं खाली गेलं होतं आणि स्टुलं चार! मोठी आत्या नवऱ्या मुलाला आशीर्वाद द्यायला उठली तर तिच्यामागून स्टूल उठेना आणि चपलाही उठेनात. आ-तियेन काका मात्र खूश. "पन्नास वर्षांत एवढी घट्ट टेबलं पाहिली नाहीत! एक थेंब सांडला नाही!"

तेवढ्यात विहीणबाई गल्लीच्या तोंडाशी उतरल्या. मी ताईकडे पाहिलं, तिचा चेहरा पांढराफटक. बाबा दाराशी स्वागताला उभे होते, आयुष्यातला पहिला आणि शेवटचा सूट घालून. त्यांनी एकदा ताईकडे बघितलं आणि शांतपणे पुढे होऊन खड्ड्यात उतरले. पायाशी हाराची टोपली ओढून घेतली आणि हसत हात जोडले.

विहीणबाई काळेभोर गोल मोजत आल्या. "बाई गं! मी एक म्हटलं होतं, तुम्ही सगळा रस्ताच केलात!" मग बाबांकडे निरखून बघून त्या हळव्या झाल्या. "मुलीच्या लग्नाच्या दगदगीत आमचे व्याही उंचीनं किती लहान दिसायला लागलेत!"

"वय झालं, विहीणबाई," बाबा म्हणाले. खड्ड्यात घोट्याच्या वरपर्यंत पाणी होतं.

आज बाबा नाहीत, काका नाहीत, मेजवान्या वातानुकूलित हॉलमध्ये होतात. तिथे सगळं छान असतं, पण मला जेवण उतरत नाही. माझ्या डोळ्यांसमोर बाबाच येतात, दोन तास पाण्यात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला 'या, या' म्हणणारे.

आणि त्या दोन तासांतच शिए बाई हजर! गळ्यात कॅमेरा, हातात फॉर्म.

"त्साय साहेब, तपासणी. तुमची सतरा पत्रं आहेत म्हणून साहेबांनी मुद्दाम पाठवलंय. प्रश्न एकच. गल्लीत खड्डा शिल्लक आहे का? 'हो' असेल तर लगेच सांगा. जबाबदारी निश्चित करू, नाव-हुद्द्यासकट. फक्त आजचं काम सगळं उघडून तपासावं लागेल."

चोवीस टेबलांवर दोनशे चाळीस माणसं जेवत होती. विहीणबाई बाबांना आपल्या हातानं सूप देत होत्या. बाबा खड्ड्यातून माझ्याकडे बघत होते.

मी लिहिलं, 'एकही खड्डा शिल्लक नाही. अत्यंत समाधानी.' आणि सही ठोकली.

"पुराव्यासाठी एक फोटो," म्हणत शिए बाईंनी कॅमेरा बाबांवरच रोखला. महिन्याभरानं तो कार्यालयाच्या पत्रकात पहिल्या पानावर छापून आला. सुटातले बाबा, प्रसन्न हसणारे, फक्त बूट दिसत नाहीत. तोच फोटो आम्ही फ्रेम करून लावलाय. खाली छापलंय, 'खड्डेमुक्त गल्लीतील ज्येष्ठ नागरिक.' आणि त्याखाली बारीक अक्षरात, 'जागेवर खात्री केली,' पुढे माझं नाव, हुद्दा आणि सही!