शांतवन मास्तरांची ऑनलाइन हजेरी

नेट लागेपर्यंत वीस मुलांना हात जोडून, डोळे मिटून उभं करणारा माणूस मी आयुष्यात एकच बघितला. मोडेम किंचाळायला लागला की शांतवन मास्तर प्रार्थना सुरू करायचे, आणि तो गप होईपर्यंत आमेन म्हणायचे नाहीत. लाइन तुटली की पुन्हा पहिल्यापासून. एका रविवारी ती पाच वेळा तुटली. तेवढ्यात मास्तरांचं आजारी, प्रवासी, परीक्षेला बसलेले अशा सगळ्यांसाठी मागून झालं, आणि शेवटी फोनच्या वायरीसाठीही मागून झालं. पहिल्या ओळीतली दोन पोरं उभ्याउभ्याच झोपली.

मी आमच्या चर्चच्या मंडळीच्या रविवारच्या शाळेची सेक्रेटरी. म्हणजे हजेरीची वही माझी, खडू माझा आणि मास्तरांचा ताप पण माझाच. दोन हजार तीन-चारच्या सुमाराची गोष्ट. मास्तर कोल्हापूरच्या तार ऑफिसातनं रिटायर झालेले, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, घरी एकटेच. मंडळीतल्या कुणीतरी एक जुना कॉम्प्युटर दान दिला, आणि तो देवानं थेट आपल्याच हातात ठेवलाय असं मास्तर धरून चालले. फोनची वायर शेजारच्या पाळकसाहेबांच्या, म्हणजे आमच्या पाद्र्यांच्या, खिडकीतनं ओढून आणली. त्यामुळं वर्ग चालू असला की पाळकसाहेबांचा फोन बंद. त्यांच्या सासूबाई मिरजेहून तासभर नंबर फिरवत बसायच्या आणि बोलणी मला खावी लागायची.

मुलांना पवित्र शास्त्र शिकवायचं तर जगाच्या बरोबरीनं शिकवायचं, असं मास्तरांचं म्हणणं. बरोबरीनं म्हणजे काय, तर पवित्र भूमीचा नकाशा उघडायला वीस मिनिटं. अर्धी नदी दिसली की तास संपायचा. उरलेली नदी पुढच्या रविवारी, पुन्हा डोंगरापासून.

त्यात तार ऑफिसची सवय. मुलांनी दुसऱ्या गावच्या रविवारच्या शाळेला मेल लिहिली की मास्तर त्यातले शब्द कापत बसायचे. "थोडक्यात लिवा," हे त्यांचं पालुपद. पोरांनी कौतुकानं लिहिलेल्या दहा ओळींचं शेवटी "सर्व मजेत. कळवा. सलाम." एवढंच उरायचं. वर सोमवारी त्याच पत्त्यावर पोस्टकार्ड टाकायचे, की आपणास मेल पाठवली आहे, पोचली का ते कळवावे. मी म्हटलं, मास्तर, मग कार्डावरच लिहा की सगळं. तर माझ्याकडं कीव आल्यासारखं बघून म्हणाले, "बाई, तुमास्नी नवीन काय नकोच असतंय."

एवढ्यावर भागलं असतं तर मी गप बसले असते. पण मास्तर माझ्या वहीवर आले.

आमच्याकडं हजेरीला कुणी 'हजर' म्हणत नाही. नाव पुकारलं की मुलानं उभं राहून बायबलमधलं पाठ केलेलं एक वचन म्हणायचं, हीच हजेरी. लागोपाठ तीन रविवार वचन आलं नाही की नाव कमी. रूथ आवळे म्हणून नऊ वर्षांची एक पोर होती. जूनमध्ये तिच्या बापाला यंत्रमागावर काम मिळालं आणि बिऱ्हाड इचलकरंजीला गेलं. आई-बाप दोघं कामावर, धाकट्या भावाला सांभाळणार ही. कसली येतीय कोल्हापूरला! तीन रविवार झाले तसं मी नाव खोडायला पेन काढलं. मास्तरांनी वहीवर हातच ठेवला आणि पोरगी ऑनलाइन हजर आहे म्हणाले.

आणि पुढच्या रविवारपासून खरंच तिची मेल यायला लागली. इंग्रजी अक्षरांत मराठी वचन, खाली 'रूथ'. मास्तर ती उघडताना दरवेळी असे चकित व्हायचे की मुलंही माना वर करून बघायची. मी भांडले. हजेरी म्हणजे अंगानं हजर, असं शंभरदा सांगितलं. त्यांचं एकच, वचन आलं म्हणजे पोर आलं. शेवटी नाताळाच्या तोंडावर मंडळीच्या पंचांनी कळवलं की वही तपासायला येतो, ही मेलची हजेरी पटली नाही तर रूथचं नाव निघेल. मी मनातनं खूश झाले, खोटं कशाला सांगू.

पंच यायच्या आदल्या शनिवारी, नाताळच्या नाटकातल्या देवदूतांसाठी पांढरं कापड आणायला मी इचलकरंजीला गेले. दुकानाशेजारी एक नेट कॅफे होता. आत बघते तर मास्तर! मांडीवर रूथचा भाऊ, त्याच्या हातात बिस्कीट, मास्तरांच्या सदऱ्यावर त्याचा चुरा. शेजारी रूथ एका बोटानं एकेक अक्षर शोधत होती. मी दारात दिसले मात्र, पोर ताडकन उठली, हात जोडले आणि सगळ्या गिऱ्हाइकांसमोर खणखणीत आवाजात वचन म्हणून मोकळी झाली. वही घेणारी बाई आली म्हणजे हजेरी द्यायची, एवढंच तिला ठाऊक.

म्हणजे जुलैपासून दर शनिवारी हा म्हातारा एसटीनं इचलकरंजीला येत होता, मेल टाकून घेत होता आणि रविवारी कोल्हापुरात तीच मेल बघून चकित होत होता. मी कपाळाला हात लावला. परतीच्या गाडीत विचारलं, मास्तर, असल्या ऑनलाइनचा उपयोग काय? त्यांनी सदऱ्यावरचा बिस्किटाचा चुरा झटकला.

"ल्हानपणी आमी कुरुंदवाडला ऱ्हायला गेलतो," ते म्हणाले. "नाताळाला परत आलो. वर्गात मागं हुबा ऱ्हायलो, वचन पाठ करून. सगळ्यांची नावं झाली, माझं न्हाईच. कुणी मागं वळूनबी बघितलं न्हाई, बाई."

मी कापडाची पिशवी उगीच या हातातनं त्या हातात घेत बसले.

रविवारी पंच आले, खुर्चीवर बसले, आणि नेट लावायच्या आधीच लाईट गेली. मी हजेरी सुरू केली. एकेक पोर उठत होतं, वचन म्हणत होतं. रूथच्या नावाशी येईपर्यंतही लाईट आली नाही. मास्तर काळ्या पडद्यासमोर मान खाली घालून उभे. स्वतः वचन म्हणतील तर सगळं उघड होईल, न म्हणतील तर नाव जाईल. मी "रूथ आवळे" पुकारलं, वही मिटली, उभी राहिले आणि तिचं वचन मीच म्हटलं.

पंच म्हणाले, "पोरगी कुठाय?"

"इचलकरंजीत हाय," मी म्हटलं. "काल आमी दोघं तिकडं गेलतो. तिनं उभं राहून वचन म्हटलंय. मी कानानं ऐकलंय."

पंचांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा मास्तरांकडं, आणि नाव राहू द्या म्हणाले. मास्तर नुसता चष्मा पुसत राहिले.

पुढच्या शनिवारी मी स्टँडवर पोचले तेव्हा इचलकरंजीच्या गाडीला ही गर्दी. मास्तरांनी खिडकीतनं रुमाल टाकून दोन जागा धरून ठेवल्या होत्या.